चूक उजव्या हातात

"टिलरिंग करतोय," असं मी फोनवर सांगितलं तेव्हा धाकटा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "तिकडे शेतजमीन घेतलीस की काय दादा? आणि आम्हाला पत्ता नाही!"

त्याची काही चूक नाही. आमच्या सिंधुदुर्गात टिलर म्हणजे पॉवर टिलर. बैलजोडीच्या जागी आलेला, चिखलातून डुगडुगत जाणारा. मी ज्या टिलरिंगबद्दल बोलत होतो त्यात चिखल नाही की डिझेल नाही. एक लाकडाची दांडी, एक पोलादी पत्ती, एक भिंत आणि भरपूर वेळ, एवढंच लागतं. मी धनुष्य बनवत होतो. हे सांगितल्यावर तो पुन्हा गप्प झाला. या वेळी जरा जास्तच वेळ. :-)

तर मंडळी, पन्नाशीला टेकलेला माणूस कॅन्ससमधल्या घराच्या तळघरात बसून तिरकमठा का बनवतो, हा प्रश्न रास्त आहे. घरातूनही तो विचारून झालेला आहे. माझ्याकडे त्याचं धड उत्तर नाही. इथला हिवाळा लांबलचक असतो. दिवसभर संगणकापुढे बसून जे काम करतो त्यातलं काहीही हातात धरता येत नाही. आणि लहानपणी आम्ही दोघा भावांनी माणग्याच्या काठीला सुतळी बांधून केलेला तिरकमठा कुठेतरी डोक्यात असणारच. माडाच्या झापाचे हीर हे आमचे बाण. बाण मारायचे मी, आणि शोधून आणायचे त्याने. असं वाटप कोणी केलं होतं कोण जाणे, पण ते तसंच होतं.

असो. आधी धनुष्याबद्दल बोलू.

धनुष्याला मधे मूठ असते आणि मुठीच्या दोन्ही बाजूंना दोन हात. इंग्रजीत त्यांना लिम्ब म्हणतात, पण मराठीत तसं लिहिलं की सरबताची आठवण होते, म्हणून मी आपला हातच म्हणतो. जी बाजू लक्ष्याकडे असते ती धनुष्याची पाठ आणि जी आपल्याकडे असते ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पाठीवरचे तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग असावे लागतात. एकदा ते कापले गेले की तिथून ढलपी सुटायला लागते. त्यामुळे एकदा पाठ ठरली की तिला हात लावायचा नाही. लाकूड काढायचं ते पोटाकडून.

दांडीला धनुष्याचा आकार देणं हे तसं सोपं काम आहे. कुऱ्हाड, दोन मुठींचा सुरा, जाड दातांची कानस, एखादा शनिवार-रविवार, की झालं. दिसायला धनुष्य तयार. पण ती अजून नुसती काठीच असते. ती वाकत नाही, आणि वाकली तरी भलतीकडे वाकते. तिला दोन्ही बाजूंनी सारखं वाकायला शिकवणं म्हणजे टिलरिंग. आकार द्यायला दोन दिवस लागले तर याला दोन आठवडे लागतात, आणि धनुष्यं मोडतात ती याच टप्प्यावर.

माझी व्यवस्था अशी आहे. तळघराच्या भिंतीवर एक जाड फळी ठोकली आहे. तिच्या वरच्या टोकाला खाच आहे. त्या खाचेत धनुष्याची मूठ आडवी ठेवायची, दोरी खाली. दोरीला हुक, हुकाला दोर, दोर जमिनीलगतच्या कप्पीतून समोरच्या भिंतीपर्यंत आणलेला. मधे वजन दाखवणारा स्प्रिंगचा काटा. दहा फुटांवर उभं राहून दोर ओढला की धनुष्य डोळ्यांसमोर वाकतं. हातात धरून ओढताना ते दिसत नाही. काय चुकतंय ते पाहायला लांब उभं राहावं लागतं, ही यातली पहिली गोष्ट.

मग पाहायचं. कुठे सपाट राहतंय? कुठे जास्त वाकतंय? जिथे सपाट तिथे पेन्सिलने खूण करायची. धनुष्य खाली उतरवायचं आणि फक्त त्या खुणेवर पोलादी पत्तीने खरवडायचं, सात-आठ वेळा. पुन्हा चढवायचं. आता लगेच बघायचं नाही. आधी वीस-तीस वेळा हलकेच ओढायचं आणि सोडायचं. लाकूड काढल्याचा परिणाम लगेच दिसत नाही. थोडं वाकून वाकूनच लाकडाला त्याची नवी सवय लागते. घाईत हे विसरलं की माणूस आणखी खरवडतो, आणि मग दोन्ही परिणाम एकदम दिसतात.

इथे थोडं गणित आहे. (गणित नको असेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा, मी रागावणार नाही.) दांडीचा कडकपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात असतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. जाडी निम्मी केली तर कडकपणा एक अष्टमांश उरतो. जाडी 14 मिलिमीटर आहे आणि चुकून अर्धा मिलिमीटर जास्त निघाला, तर तेवढ्या जागेचा कडकपणा दहा टक्क्यांनी गेला. अर्धा मिलिमीटर म्हणजे पत्तीचे काही मोजके हात. आणि काढलेलं परत लावता येत नाही. सुताराकडे सांध्याला फट राहिली तर पाचर असते, लांबी असते. इथे काही नाही.

माझं पहिलं धनुष्य लाल ओकच्या फळीचं होतं. दुकानातली साधी सहा फुटांची फळी, दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड. तंतू सरळ पाहून निवडायला दुकानात तासभर लागला. तिथला पोरगा दोनदा येऊन काही मदत हवी का विचारून गेला. 2023 च्या हिवाळ्यात पाच आठवडे त्यावर काम केलं. ठरवलं होतं 50 पौंडांचं करायचं, म्हणजे 28 इंच ओढल्यावर काट्यावर 50 दिसले पाहिजेत. साधारण पावणेतेवीस किलो.

ते 24 इंचांवर मोडलं.

मोडण्याआधी काही आवाज वगैरे झाला असेल तर मला ऐकू आला नाही. मी दोर ओढत होतो, आणि एकदम बंदुकीसारखा आवाज होऊन अर्धं धनुष्य छताला लागलं. डाव्या हाताच्या मधोमध मोडलं होतं. मला वाटलं लाकडात खोट असणार. गाठ असेल, आत चीर असेल. तुकडे घेऊन दिव्याखाली बसलो. काही सापडलं नाही. स्वच्छ लाकूड.

लहानपणी जनकाच्या धनुष्याची गोष्ट ऐकताना नेहमी रामाचा पराक्रम दिसायचा. त्या रात्री मला पहिल्यांदा धनुष्याची बाजू घ्यावीशी वाटली. इतकी वर्षं लोखंडी पेटीत पडलेलं, सुकलेलं, कोणी न वाकवलेलं... आणि एकदम दोरी चढवून ओढलं. दुसरं काय होणार?

आमच्यापासून चार मैलांवर एक म्हातारबुवा राहतात. शेती करायचे, आता शेत दुसऱ्याला कसायला दिलं आहे. त्यांनी आयुष्यात किती धनुष्यं बनवली हे त्यांनाही सांगता येत नाही. मोडके तुकडे घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डाव्या हाताच्या मोडलेल्या जागेकडे नुसतं पाहिलं आणि बाजूला ठेवलं. मग उजवा हात, जो धड होता, तो उचलला. त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला. मुठीपासून टोकापर्यंत दोनदा.

"मोडला कुठे?" त्यांनी विचारलं.

"डाव्या हातात."

"मग चूक उजव्या हातात आहे," ते म्हणाले. "हा कामच करत नव्हता. याचं काम तो करत होता."

मी तुकडे हातात घेतले. खरं होतं. उजवा हात मुठीजवळ चांगला जाड होता. तिथे तंतू थोडे तिरपे होते. पत्ती चालवली की अडकायची, लाकूड उचकटायचं, खरखरीत व्हायचं. डाव्या हाताचं लाकूड मात्र लोण्यासारखं होतं. पत्ती लावली की पातळ सुंदर वेटोळी निघायची. पाच आठवडे रोज संध्याकाळी मी खूण एकीकडे करायचो आणि माझा हात मात्र जिथे पत्ती सहज चालते तिथे जायचा. "थोडं इथेही घेऊ" म्हणून. "इथे छान निघतंय" म्हणून.

वाकणाऱ्या जागेचं दुर्दैव असं की ती जितकी वाकते तितकीच राहत नाही. बाकीचं धनुष्य ताठ असलं की प्रत्येक ओढीचा भार तिच्यावरच येतो. मग ती आणखी वाकते. पोटाकडचे तंतू चेपतात, आणि सुटल्यावरही ती पूर्ण सरळ होत नाही. इथले लोक अशा जागेला बिजागरी म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, काय सुंदर लवतंय. आणि ताठ हात तर ताठच दिसतो. मजबूत दिसतो.

त्या दिवशी परत निघताना म्हातारबुवांनी गोठ्याच्या माळ्यावरून एक लाकूड काढून दिलं. ओसेज ऑरेंजचं. कॅन्ससमध्ये याला नुसतं हेज म्हणतात, म्हणजे कुंपण. मूळचं हे झाड टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सा या पट्ट्यातलं. ओसेज लोक याची धनुष्यं करायचे, आणि फ्रेंच व्यापाऱ्यांनी तर याचं नावच 'ब्वा दार्क', म्हणजे धनुष्याचं लाकूड, असं ठेवलं. पुढे एकोणिसाव्या शतकात इथल्या शेतकऱ्यांनी मैलोन्‌मैल याची कुंपणं लावली. घोड्याला ओलांडता येऊ नये, बैलाला मोडता येऊ नये आणि डुकराला घुसता येऊ नये असं काटेरी कुंपण. 1874 मध्ये जोसेफ ग्लिडनच्या काटेरी तारेला पेटंट मिळालं, तार स्वस्त झाली, आणि कुंपणाची झाडं उरली ती तारेच्या खांबांसाठी. हे लाकूड जमिनीत वर्षानुवर्षं कुजत नाही.

घरी आणून साल आणि वरचं पांढरं लाकूड काढलं आणि आतून जो पिवळाधमक रंग बाहेर आला तो पाहून मी थबकलो. हा रंग माझ्या ओळखीचा होता. आमच्या घराच्या माजघराच्या दारांचा, ती नवी असतानाचा. फणसाचा! नंतर पाहिलं तर ओसेज ऑरेंज खरंच फणसाच्याच कुळातलं. चीकही तसाच, हाताला लागला की जात नाही. आणि उन्हाने हळूहळू तपकिरी होत जाणंही तसंच. सात समुद्रापलीकडे फणसाचा चुलतभाऊ भेटला म्हणा ना.

हे लाकूड फळीसारखं शहाणं नव्हतं. एका बाजूला साधारण सरळ, दुसऱ्या बाजूला मुठीजवळ बोटाएवढी गाठ आणि तिच्यापुढे साप गेल्यासारखं वळण. पाठीसाठी एकच वार्षिक वलय धरून टोकापासून टोकापर्यंत जायचं असतं, ते करायलाच तीन आठवडे गेले. गाठीभोवती थोडं जास्त लाकूड ठेवावं लागतं. त्यामुळे आकार दिल्यावर एक हात गुळगुळीत आणि दुसरा गाठाळ, वाकडा. मी म्हातारबुवांना विचारलं, हे दोन्ही सारखे कसे दिसणार?

"दिसायला कशाला हवेत?" ते म्हणाले. "दोघांनी आपापला भार घेतला म्हणजे झालं."

यातली गंमत म्हणजे दोन्ही हात तंतोतंत सारखे करायचेही नसतात. आपण धनुष्य मधोमध धरतो, पण बाण मुठीच्या वर बसतो. म्हणून खालचा हात वरच्यापेक्षा अगदी किंचित कडक ठेवतात. दोरी चढवल्यावर वरच्या हाताचं दोरीपासूनचं अंतर तीन ते पाच मिलिमीटर जास्त असावं. तेवढं असलं की ओढताना दोघे बरोबर चालतात. फूटपट्टीने सारखे केलेले हात कामाला लागल्यावर सारखे राहत नाहीत.

ही काही आजची विद्या नाही. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्ड इथे 1944 साली दलदलीत एल्म लाकडाचं धनुष्य सापडलं, ते सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचं आहे. त्याचेही हात टोकांकडे निमुळते केलेले आहेत. म्हणजे नऊ हजार वर्षांपूर्वी कोणीतरी माझ्यासारखाच डोळे बारीक करून बघत असणार, की हा वाकतोय, तो का नाही वाकत?

2024 च्या नोव्हेंबरात नवं धनुष्य भिंतीवर चढलं. 50 पौंडांच्या वर एकदाही ओढायचं नाही, असा नियम. सुरुवातीला 50 पौंडांना ते जेमतेम 12 इंच यायचं. जसजसं लाकूड निघतं तसतसं त्याच वजनाला ते जास्त ओढलं जातं. 16 इंच, 20, 22... 24 इंचांवर मी थांबलो. डावा हात पुन्हा छान वाकत होता. गाठीचा उजवा हात मुठीजवळ सपाट, फळीसारखा. आणि पत्ती उजवीकडे लावली की लाकूड उचकटत होतं.

आता मधेच एक वेगळी गोष्ट सांगतो. वेगळी नाही, पण सांगतो. हे वाचणाऱ्यांत आत्या आहे, मावशी आहे, पुण्याची चुलत मंडळी आहेत. त्यांना अर्धं माहीतच आहे.

2022 च्या श्रावणात आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण ती पूर्वीची आई परत उभी राहिली नाही. नंतर हळूहळू तिला दिवस-रात्र कळेनासं झालं. धाकटा आणि त्याची बायको तेव्हापासून तिचं सगळं करतात. मी पैसे पाठवतो. दर रविवारी फोन करतो. आणि फोन ठेवताना दर रविवारी एक वाक्य म्हणतो, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही."

मी हे मनापासून म्हणायचो. आत्या, तुम्हीही म्हणता. मावशी म्हणते. सगळ्यांचं एकमत आहे, की पोरगा सोन्यासारखा आहे, कधी कुरकूर नाही, कधी नाही म्हणत नाही. पावसाळ्यात कौलं चाळायची? तो आहे. कुलाचाराला देवळात कोण जाणार? तो आहे. जमिनीच्या कागदासाठी तालुक्याला? आहेच की तो. मला अमुक सांगायचं तर मी चार वेळा विचार करणार, मग रजा नाही म्हणणार, मग रागावणार. त्याला सांगितलं की काम होतं. पत्ती तिथे सहज चालते.

त्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी नेहमीप्रमाणे फोन केला. तो म्हणाला, "दादा, आज नको. पुढच्या रविवारी बोलू." एवढंच. आवाज चढलेला नाही, रडवेला नाही. साधा. पण इतक्या वर्षांत तो असं पहिल्यांदाच म्हणाला होता.

पहिलं धनुष्य मोडताना मला आवाज ऐकू आला नव्हता. म्हातारबुवा म्हणतात, बहुतेक वेळा आधी एक बारीक 'टिक्' येतो. ऐकायची तयारी असली तर येतो.

मी फोन ठेवला आणि तळघरात गेलो. धनुष्य भिंतीवरच होतं. दोर ओढला आणि बराच वेळ उजव्या हाताकडे बघत उभा राहिलो. इथे काही मोठा साक्षात्कार वगैरे झाला असं मी म्हणणार नाही. मला फक्त लाज वाटली. धाकट्याला गेली दोन वर्षं मी जे देत होतो ते सगळं डाव्या हाताला देण्यासारखं होतं. कौतुक, पैसे, "स्वतःची काळजी घे" असा सल्ला. वाकणाऱ्या जागेला बाहेरून काहीही लावलं तरी तिचा भार कमी होत नाही. तिचा भार कमी करण्याचा एकच मार्ग आहे. दुसरीकडचं ताठ लाकूड काढायचं.

तीन संध्याकाळी मी फक्त उजव्या हातावर काम केलं. पत्तीला नवी धार काढली. एका दिशेने लाकूड उचकटतंय म्हटल्यावर उलट्या बाजूने चालवून पाहिली. गाठीच्या मागे-पुढे नखाएवढं नखाएवढं काढत गेलो. डाव्या हाताला कागदाची पट्टी गुंडाळून ठेवली होती, माझा हात चुकून तिकडे जाऊ नये म्हणून. हसू नका, उपयोग झाला. चौथ्या दिवशी उजवा हात मुठीजवळ हलला. अगदी थोडा. पण डाव्याची ती मधली खोल लवण तेवढ्याने उथळ झाली. डाव्याला मी बोटही लावलं नव्हतं.

आणि वजन उतरलं. हे होणारच होतं. 28 इंचांवर पोहोचलो तेव्हा काट्यावर 41 दाखवत होतं. 50 ठरवलं होतं, नऊ पौंड गेले. कुठे गेले? तळघराच्या फरशीवर पिवळा भुसा पडला होता, त्यात. दोन्ही हातांनी सारखं काम करावं असं वाटत असेल तर एकूण जोर कमी होतो, आणि तो ताठ बाजूचा जातो. पूर्ण 50 पौंड आणि सारखे हात, दोन्ही मिळालं असतं तर कोणाला नको होतं? पण मला ते लाकूड तसं मिळालं नव्हतं, आणि माझी सुरुवातही तशी नव्हती.

2025 च्या जानेवारीत मी तीन महिने घरी गेलो. बिनपगारी रजा. हातात असलेलं काम दुसऱ्या कोणाकडे गेलं आणि परत आल्यावर ते मला मिळालं नाही. माझे नऊ पौंड.

पहिल्या रात्री दोन वाजता आईने हाक मारली. धाकट्याच्या नावाने. मी उठून गेलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू नको. त्याला बोलव." खोटं कशाला सांगू, लागलं. पण मला उठायलाही जमत नव्हतं आणि बसवायलाही. तिला कुठे धरायचं म्हणजे दुखत नाही, हे मला माहीत नव्हतं. ताठ लाकूड पहिल्यांदा वाकतं तेव्हा करकरतंच. दोन वाजता, चार वाजता, कधी पाच वाजता "उजाडलं काय रे?" असं विचारत. तिसऱ्या आठवड्यात ती नुसतं "कोण रे?" म्हणायला लागली, आणि मी जवळ गेलो की हात पुढे करायची.

फेब्रुवारीत धाकटा आणि त्याची बायको आठ दिवस बाहेर गेली. गाणगापूर आणि मग हंपी. निघताना त्याने मला वहीत सगळं लिहून दिलं होतं, तरी पहिल्या दिवशी पाच फोन. सकाळची गोळी कुठली, पेज किती पातळ. दुसऱ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी एकच फोन आला, तोही संध्याकाळी, आणि मागून भावजयीच्या हसण्याचा आवाज येत होता. तो हसण्याचा आवाज मी त्या घरात राहूनही महिनाभर ऐकला नव्हता.

लाकडी धनुष्याची दोरी काम झालं की उतरवून ठेवायची असते. चढवलेलीच ठेवली तर धनुष्य तसंच वाकलेलं राहायला शिकतं, आणि त्याचा जोर जातो. हे मला आधी माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं.

म्हणून आत्या, मावशी आणि बाकी सगळे, एक विनंती आहे. धाकट्याला आता "तू आहेस म्हणून" असं कोणी म्हणू नका. मीही म्हणत नाही. त्यापेक्षा आपापल्या कॅलेंडरमध्ये बघा आणि आठ दिवस, चार दिवस, जमेल ते सांगा. मी दर वर्षी जानेवारी ते मार्च घेतोय. मे महिना आणि गणपती अजून मोकळे आहेत.

धनुष्य चांगलं झालंय. तळघरात दोन खुंट्यांवर दोरी उतरवून आडवं ठेवलं आहे. डावीकडची जुनी लवण पूर्ण गेली नाही. दोरी उतरवल्यावर तो हात किंचित पुढे झुकलेलाच राहतो, आणि आता तसाच राहणार. पण शेकडो बाण मारून झाले, एकदाही टिक् आलेला नाही.

परवा धाकट्याने विचारलं, "तुझं ते टिलर झालं की नाही?"

"झालं."

"मग एकदा घेऊन ये इकडे. मागच्या मळ्यात बाण मारू."

"आणि बाण आणायला कोण जाणार?"

"आता तू," तो म्हणाला.